आवाज हवा, हात नको!

रॉक आणि मेटल ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, रेकॉर्डवरचा सगळ्यात वाईट ड्रम कोणता? बहुतेक जण एकच नाव घेतील: मेटॅलिकाचा २००३ सालचा 'सेंट अँगर'. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातडीला तारा लावलेल्या असतात. त्या थरथरतात म्हणून स्नेअरचा तो करकरीत, फाटल्यासारखा आवाज येतो. लार्स उलरिचने त्या तारा सोडूनच दिल्या आणि सव्वा तासाचा अख्खा अल्बम तसाच वाजवला. ऐकताना वाटतं, कुणीतरी रॉकेलचा रिकामा डबा बडवतंय. वीस वर्षं उलटून गेली, टिंगल अजून थांबलेली नाही.

आवाज वाईट आहे, मान्य. पण सगळ्यात वाईट हा मान त्याला द्यायला माझी तयारी नाही. तो डबा का होईना, एका माणसाने बडवलेला डबा आहे. कुठे तो चिडलाय, कुठे दमलाय, कुठे हट्टाला पेटलाय, ते कळतं. ज्या ड्रमची कुणी टिंगल करत नाही, ज्याला सगळे 'क्लीन', 'टाइट', 'प्रोफेशनल' म्हणून गौरवतात आणि जो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हजारो मेटल रेकॉर्डवर जसाच्या तसा वाजतोय, तो ड्रम मला त्याहून वाईट वाटतो. कारण तो कुणी वाजवलेलाच नाही.

हे मी सोलापुरात बसून कशाला सांगतोय, असं काही वाचक म्हणतील. ड्रमचा प्रश्न मला सोलापुरातच कळला, म्हणून सांगतोय. माझा कान आधी हलगीने आणि मोहरमच्या ताशाने तयार झाला. मेटल फार नंतर आलं.

हलगी शेकताना ज्याने पाहिलीय, त्याला चांगल्या ड्रमची व्याख्या वेगळी शिकवावी लागत नाही. कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. हवेत ओल असली की ते सैल पडतं, आवाज बसतो. मग वादक कागद नाहीतर काटक्या पेटवून हलगी जाळावर धरतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा धरतो. कातडं ताणलं की आवाज चढतो. ताशाचंही तेच. थोड्या वेळाने आवाज पुन्हा उतरतो, पुन्हा शेकायचं. म्हणजे एकाच रात्री एकाच हलगीचे दहा आवाज. एका हातात जाड काठी, तिने अंग भरतं. दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी, तिने कड फुटते. आणि तीच हलगी बोळात दोन भिंतींमध्ये वाजली तर छातीवर येते, मोकळ्या मैदानात वाजली तर पातळ होते. कातडं, हात आणि जागा, या तीन गोष्टींचा मिळून आवाज होतो. यातली एक काढली तरी उरतो तो फक्त ठोका.

आता रॉककडे या. लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे १९७१ सालचं गाणं. जगात सगळ्यात जास्त उचलेगिरी ज्या ड्रमची झाली, त्यांपैकी हा एक. तो बनला कसा? हेडली ग्रेंज नावाच्या इंग्लंडमधल्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी जॉन बॉनमचे ड्रम मांडले. अँडी जॉन्स या इंजिनिअरने वर जिन्यातून दोन माइक सोडले. एवढंच. तुम्ही जे ऐकता तो ड्रम आहेच, शिवाय ते घर आहे, तो जिना आहे आणि बॉनमचा भारी हात आहे. आमच्या बोळातल्या हलगीचं गणित तिथे इंग्रजी घरात मांडलं गेलं होतं.

म्हणजे घुमणारा तोच चांगला, असं नाही. स्लेअरचा १९८६ सालचा 'रेन इन ब्लड' अगदी उलट टोकाचा. निर्माता रिक रुबिनने घुमारा जवळपास पुसूनच टाकला. आवाज कोरडा, कानाशी येऊन वाजणारा. सगळा अल्बम अर्ध्या तासातच संपतो. पण डेव्ह लोंबार्डोचे हात आणि पाय तुम्हाला वेगळे मोजता येतात. १९९३ साली स्टीव्ह अल्बिनीने निर्व्हानाच्या 'इन युटेरो'साठी डेव्ह ग्रोलचे ड्रम रेकॉर्ड केले. तिथे खोलीचा श्वास पुन्हा ऐकू येतो. आवड ज्याची त्याची. चांगल्या आवाजाचे शंभर प्रकार असतील, पण वाजवणारा सगळ्यांत सापडतो.

वाईट आवाजाची कृती मात्र एकच आहे. ड्रमर येतो, वाजवतो. मग त्याचा प्रत्येक ठोका काढून त्या जागी आधीच साठवलेला एक तयार ठोका बसवतात. हळू मारलेला, जोरात मारलेला, कडेला लागलेला, मध्यावर बसलेला, सगळे एकाच मापाचे. मग संगणकाच्या पडद्यावर चौकटी आखतात आणि इकडेतिकडे सरकलेला प्रत्येक ठोका नेमका रेषेवर आणून ठेवतात. शेवटी अख्खं गाणं दाबून दाबून इतकं मोठं करतात की हळू आणि जोरात यांत फरकच उरत नाही. या दाबादाबीत पहिला बळी ड्रमचाच जातो, कारण ड्रमचा जीव असतो ठोक्याच्या पहिल्या उसळीत. मेटॅलिकाच्याच 'डेथ मॅग्नेटिक'चं २००८ साली हेच झालं. अल्बम इतका दाबलेला होता की चाहत्यांनी तक्रारी केल्या. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती होती आणि लोकांना ती जास्त आवडली. पैसे देऊन घेतलेल्या रेकॉर्डपेक्षा खेळण्यातला आवाज बरा!

एकसारखा ठोकाच ऐकायचा असेल, तर मला मेटल कशाला हवं? मी सोलापूरच्या पूर्व भागात जाईन. तिथे यंत्रमाग दिवसरात्र चालतात, खडखड खडखड, एका मापाने, चुकत नाहीत. आमच्या चादरी आणि टॉवेल त्यावरच निघतात. त्या खडखडाटाबद्दल मला आदर आहे, त्याने या शहराची पोटं भरली. पण मागाशेजारी उभ्या कामगाराला विचारा, त्याला तो आवाज संगीत वाटतो का. त्याचे कान त्या आवाजाने जातात. आणि तुम्ही तोच आवाज हेडफोन लावून, विकत घेऊन ऐकता!

यावर विरोधी बाजूचा एक मुद्दा खरा आहे, तो टाळणार नाही. अतिवेगवान मेटलमध्ये दोन्ही पायांनी किक ड्रम इतका जलद वाजतो की माइकवर सगळं गढूळ होतं. एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा तर यंत्राची मदत लागते. ठीक आहे, घ्या मदत. मी यंत्राच्या विरोधात नाहीच. फिल कॉलिन्सच्या १९८१ सालच्या 'इन द एअर टुनाइट'मधला तो प्रसिद्ध ड्रम निसर्गात कुठेच सापडत नाही. घुमारा आधी फुगवला आणि मग मध्येच कापून टाकला, असा तो आवाज आहे. पूर्ण कृत्रिम, तरी आत कॉलिन्स वाजवतोय.

डेफ लेपर्डचा रिक अॅलन घ्या. १९८४ सालच्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. त्याच्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवले गेले, जे डाव्या हाताचं काम पायाकडे देतात. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या महोत्सवात तो हजारो लोकांसमोर वाजवत होता. इथे यंत्राने माणसाला त्याची जागा परत मिळवून दिली. गंमत म्हणजे त्याच बँडच्या १९८७ सालच्या 'हिस्टेरिया'वरचे ड्रम बरेचसे संगणकातल्या नमुन्यांतून रचलेले आहेत. ते मला आजही प्लास्टिकसारखे लागतात. एकच बँड, एकच ड्रमर. एका ठिकाणी यंत्र हात देतं, दुसऱ्या ठिकाणी हात काढून घेतं.

स्वीडनच्या मेशुगाने २००५ सालच्या 'कॅच थर्टीथ्री'वर ड्रम चक्क संगणकावर रचले. पण ते ठोके त्यांच्याच ड्रमरचे, टोमास हाकेचे, आणि तसं त्यांनी लपवलंही नाही. आपल्या मुंबईचा साहिल माखिजा, डेमॉनिक रिझरेक्शनवाला, मनात आणलं असतं तर 'धिस बर्डन इज माइन' या २०१६ सालच्या एकल अल्बमचे ड्रम घरी बसून कीबोर्डवर टाइप करू शकला असता. त्याने नाइल बँडच्या जॉर्ज कोलियासला, एका ग्रीक ड्रमरला, वाजवायला घेतलं. मुंबईतल्या माणसाला हे परवडतं, पटतं. मग आपल्याकडे एवढी घाई कसली?

कारण आपल्याकडे प्रश्न फक्त कानाचा नाही. २०१६ सालीच 'सैराट' आला. जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा सिनेमा, करमाळ्याची माती. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. छान केलं, अभिमान वाटला. पण त्यानंतर 'झिंगाट'च्या नकलेची जी लाट आली, तिच्यात गावोगावच्या छोट्या स्टुडिओंतून जयंतीची, उरुसाची, लग्नाची, निवडणुकीची गाणी निघू लागली. त्यांत हलगी असतेच असते. फक्त हलगीवाला नसतो. लॅपटॉपमध्ये हलगीचे तयार तुकडे असतात, उचलायचे आणि चिकटवायचे. गाणं बार्शीचं असो की विजापूरचं, हलगी तीच.

माझ्या ओळखीचा एक हलगीवादक आहे. काही वर्षांपूर्वी त्याला एका स्टुडिओत बोलावलं. गाणं नव्हतंच. 'एकेक ठोका मार, हळू मार, जोरात मार, आता कडेवर मार,' असं दुपारभर चाललं. हातावर पाचशे रुपये टेकवले. आज लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीतून त्याला स्वतःचाच ठोका ऐकू येतो, आणि त्या वरातीची सुपारी त्याला मिळालेली नसते. तो मला म्हणाला, "भाई, माझा हात कापून नेला आणि मलाच दाखवत फिरतायत." मेटलच्या स्टुडिओत जे घडतं तेच हे. फरक इतकाच, की तिथल्या ड्रमरचं नाव निदान रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेलं असतं.

इथे जात मध्ये आणावीच लागते. कातडं कमावणं, शिवणं, ताणणं, शेकणं, वाजवणं ही कामं आपण कुणाकडे दिली होती? महार, मांग, चांभार, ढोर, आणि आमच्यातले खाटीक, ताशेवाले, बँडवाले. आवाजाशिवाय देवाची पालखी हलत नव्हती, पंजे उठत नव्हते, नवरदेव घोड्यावर बसत नव्हता. वाजवणारा मात्र शेवटच्या पंगतीला. आमच्या समाजात 'दफ चालतो, बाकी वाद्यं नकोत' असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी विचारतो, दफ म्हणजे तरी काय? कड्यावर ताणलेलं कातडंच ना? हाच दफ मराठीत डफ झाला आणि शाहिराच्या हातात आला. बार्शीचे अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे एकाच लाल बावटा कलापथकातून गात होते. त्या वारशाचं नाव घ्यायचं आणि आज डफ-हलगी वाजवणाऱ्या पोराला ऑक्टोपॅडने घरी बसवायचं, हे कुठलं शहाणपण?

ज्यांनी हलगी स्वतःहून खाली ठेवली, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं. त्या वाटेने पुढे गेलेल्या अनेकांनी गावकीच्या सक्तीचं वाजवणंही टाकलं. बरोबर केलं. सक्तीचं वाद्य टाकणं हा स्वाभिमान आहे. पण जो आज आपल्या मर्जीने, कला म्हणून, पोटासाठी वाजवतोय, त्याचा ठोका चोरून त्यालाच बाहेर ठेवणं ही जुनी गावकीच नव्या लॅपटॉपवर चालवणं आहे. पूर्वी शिवायचं नाही म्हणून लांब ठेवत होतो. आता लांब ठेवायला कारणही सांगावं लागत नाही.

कायदा याबाबत आपल्यापेक्षा पुढे आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर नाव लावून घेण्याचा नैतिक हक्क मिळाला. स्टुडिओवाल्यांनी निदान एवढं करावं: हलगी, ताशा, संबळ ज्याने वाजवला त्याचं नाव गाण्याखाली लिहावं. साठवलेला ठोका पुन्हा वापरला तर पुन्हा पैसे द्यावेत. आणि एकदा तरी वादकाला बोलावून अंगणात, वाड्यात, जिन्याखाली दोन माइक टांगून वाजवायला सांगावं. हेडली ग्रेंजला यापेक्षा फार काही लागलं नव्हतं. जिने आपल्याकडेही आहेत.

आणि मेटल ऐकणाऱ्या माझ्या तरुण दोस्तांनो, तुमच्याशीही भांडण आहे. 'सेंट अँगर'वर हसा, खुशाल हसा. पण तुमच्या आवडत्या नव्या अल्बमचा स्नेअर एकदा मन लावून ऐका. सलग वीस ठोके मोजा. विसावा ठोका पहिल्याचीच झेरॉक्स असेल, तर स्वतःला विचारा, तुम्ही नेमकं कुणाला ऐकताय? ज्या संगीताने बंडाची भाषा केली, त्याच्या काळजातून वाजवणाराच काढून घेतला आणि तुम्ही त्याला दर्जा म्हणताय. मला चुकणारा, घाईत येणारा, घामेजलेला ड्रम चालेल. डबा वाजला तरी चालेल. फक्त तो कुणीतरी वाजवलेला असू द्या आणि त्या कुणाला तरी नाव असू द्या.