आधी थरथर, मग कानाचे भाग

पहिली-दुसरीला ज्ञानेंद्रियं शिकवताना आपण काय करतो? फळ्यावर कानाचं चित्र काढतो, ‘कानाने आपण ऐकतो’ हे तीनदा म्हणून घेतो, गाळलेली जागा भरून घेतो आणि नाकाकडे वळतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग एकदा एका मुलीने विचारलं, “बाई, आई म्हणते मी एका कानाने ऐकते नि दुसऱ्या कानाने सोडून देते. मग मधे डोक्यात भोक असतं का?” वर्ग हसला, मीही हसले. पण तिला नीट उत्तर देता आलं नाही, हे मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. लहान मुलांना कानाचे भाग पाठ करायला लावू नयेत. आवाज म्हणजे थरथर, हे आधी त्यांच्या हाताला कळू द्यावं. नावं नंतर आपोआप येतात, नाही आली तरी बिघडत नाही.

सुरुवात गळ्यापासून करा. गळ्यावर दोन बोटं ठेवून सगळ्यांनी “हंऽऽ” म्हणायचं. बोटांना गुदगुल्या होतात. गप्प बसलं की थांबतात. मग ताटावर चमचा मारा आणि लगेच ताट हाताने धरा, आवाज बंद! मुलं स्वतःच सांगतात, “बाई, हलायचं थांबलं म्हणून आवाज थांबला.”

आता एका वाडग्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून रबराने घट्ट बांधा. वर मोहरीचे चार दाणे टाका. वाडग्याला हात न लावता जवळच स्टीलचं ताट वाजवा. दाणे उड्या मारतात. इथे थांबा, घाई करू नका. ताट वाडग्याला लागलं नाही, मग दाणे उडवले कुणी? मधल्या हवेने. आपल्या कानातही असाच एक पातळ पडदा ताणलेला आहे, एवढं सांगितलं की मुलांचे हात आपोआप कानाकडे जातात.

पुढचा प्रवास नाटकातून दाखवावा. आठ मुलं एका ओळीत उभी करा : हवा, पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब, गोगलगाय, तार आणि मेंदू. हवेने पडद्याला हलकेच ढकलायचं, पडद्याने हातोडीला, असं पुढे. जागा कुणी सोडायची नाही, धक्का तेवढा पुढे जायचा. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं. त्यातली रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची, आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड! ही हाडं हवीत कशाला? कारण पुढच्या गोगलगायीसारख्या नळीत पाणी आहे. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यात सहज शिरत नाही. म्हणून पडदा आणि ही हाडं मिळून धक्क्याचा जोर वाढवतात.

गोगलगाय झालेल्या मुलाच्या हातात पाण्याची बाटली द्या. धक्का आला की ती हलवायची. आत बारीक केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, वाऱ्यावर पीक डोलावं तशा त्या हलतात. इथे धक्का संपतो आणि निरोप सुरू होतो. ‘तार’ झालेल्या मुलाने एक चिठ्ठी मेंदूकडे न्यायची. मेंदू ती उघडतो नि ओरडतो, “कुत्रा भुंकला!” म्हणजे ऐकायला कान लागतो, पण कळतं मेंदूला. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आवाज या कानातून त्या कानात जातच नाही. दोन्ही कानांच्या चिठ्ठ्या मेंदूकडेच जातात. आई म्हणते ते एवढंच, की चिठ्ठी आली पण तू ती मनावर घेतली नाहीस.

“अभ्यासक्रम पुरा करायचा की खेळ खेळत बसायचं?” असं काही सहकारी विचारतात. माझा अनुभव सांगते. दोन कान कशाला, हे दाखवायला मी एकेका मुलाचे डोळे रुमालाने बांधून चहूबाजूंनी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळी जिकडून येईल तिकडे बोट दाखवायचं. दुसरीतला एक मुलगा दर वेळी उजवीकडेच बोट दाखवत होता. वर्षभर मी त्याला ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ म्हणून बोलत आले होते, एकदा-दोनदा कानही पिळला होता. पालकांना बोलावलं. डावा कान वाहतो, आम्ही कोमट तेल घालतो, म्हणाले. डॉक्टरांनी पाहिलं तर पडद्याला भोक. तेल बंद झालं, उपचार सुरू झाले. मी त्याला पहिल्या बाकावर, चांगला कान माझ्याकडे येईल असं बसवलं. महिनाभरात तो पोरगा हात वर करायला लागला. पालथ्या घड्यावर पाणी असं मी ज्याच्याबद्दल म्हणत होते, त्या घड्यात पाणी पोचतच नव्हतं.

म्हणून हा पाठ मला गाळलेल्या जागेपुरता ठेवावासा वाटत नाही.

पालकांनो, तुम्हालाही सांगणं आहे. मूल टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, “काय?” असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर रागावण्याआधी कान तपासून घ्या. सर्दीनेही काही दिवस कमी ऐकू येतं. कानात काडी, पिन, तेल घालू नका आणि कानाखाली तर कधीच वाजवू नका, त्याने पडदा फाटू शकतो. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा आपणही शिक्षक म्हणून शंका असलेल्या मुलांची नावं आधीच काढून ठेवूया.

आणि वरातीतल्या डीजेसमोर लेकराला खांद्यावर घेऊन उभं राहू नका. गवतावरून एकदा चाललं तर ते पुन्हा उभं राहतं, रोज तुडवलं तर पायवाट पडते. आतल्या त्या पेशींचंही तसंच आहे, आणि माणसात त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

उद्या वर्गात मोहरीचे चार दाणे घेऊन जा. आणि डोळे बांधून टाळीचा खेळ घ्याल तेव्हा प्रत्येक मुलाचं बोट कुठे जातं, तेवढं नीट बघा.