घरपट्टीवर हरकत घ्या, पुराव्यानिशी

नाशिकमध्ये २०१८ साली महापालिका आयुक्त तुकाराम मुंढे यांनी, घरपट्टी ज्यावर ठरते त्या करयोग्य मूल्याचे दर वाढवले, तेव्हा मोर्चे निघाले आणि प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेले. नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. पण आयुक्त बदलला म्हणून बिलातले चुकीचे क्षेत्रफळ बदलत नाही. कायद्याने करयोग्य मूल्य म्हणजे घराला मिळू शकेल असे वाजवी वार्षिक भाडे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा. म्हणजे वाद भावनेचा नाही, मोजमापाचा आहे: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर निवासी की व्यावसायिक. पालिकेला रस्ते-पाण्यासाठी पैसा लागतो, हे खरेच; मग कराचा दर महासभेत उघड वाढवावा, मूल्य फुगवून नव्हे. ‘सामान्य माणसाचे कोण ऐकतो?’ हा आक्षेपही पोकळ नाही, कारण न्यायालयात अपील करायचे तर आधी मागणीची रक्कम भरावी लागते. म्हणूनच पहिली पायरी मोलाची: मूल्य वाढवल्याची पालिकेची विशेष नोटीस हाती पडताच मुदतीत लेखी हरकत नोंदवा, मंजूर नकाशा जोडा आणि पोच घ्या. मुदत टळली की रास्त तक्रारही दुबळी ठरते.