लयीचा मालक कोण?

६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये संचालक लेनर्ड बर्नस्टाइन मंचावर आले आणि वादनाचा इशारा देण्याऐवजी श्रोत्यांशी बोलू लागले. आता सादर होणारा ब्राह्म्स नेहमीच्या परिचयाचा नसेल, त्याची लय कमालीची संथ असेल आणि पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्या या कल्पनेशी आपण सहमत नाही, असे त्यांनी उघडपणे सांगितले. मग साथ का करायची? गूल्ड इतके विचारी कलावंत आहेत, की त्यांची दृष्टी ऐकून घेणे अगत्याचे आहे, हे त्यांचे उत्तर होते. अशा रचनेत मालक कोण, वादक की संचालक, असाही प्रश्न त्यांनी विचारला आणि सभागृहात हशा पिकला.

रचना होती योहानेस ब्राह्म्स यांचा पहिला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांत बांधलेली कृती. तिच्या मुळाशी दुःख आहे. १८५४ च्या फेब्रुवारीत ज्येष्ठ संगीतकार रॉबर्ट शुमान यांनी मनोविकाराच्या भरात ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले, पण पुढची दोन वर्षे रुग्णालयात कंठून ते निवर्तले. शुमान कुटुंबाचा आधार बनलेला ब्राह्म्स तेव्हा विशीत होता. त्याच वर्षी दोन पियानोंसाठी लिहू घेतलेल्या कृतीतून हा कॉन्चेर्टो पुढे आकारास आला. १८५९ च्या जानेवारीत हानोफर येथे तो प्रथम वाजला. पाचच दिवसांनी लाइपझिगच्या श्रोत्यांनी मात्र त्याची हुर्यो उडवली. वादकाचे हस्तकौशल्य मिरवणाऱ्या रचनांना सरावलेल्या त्या श्रोत्यांना हे गंभीर, दीर्घ काव्य मानवले नाही.

पहिल्या भागावर ब्राह्म्स यांची सूचना आहे ‘माएस्तोसो’, म्हणजे भारदस्तपणे. प्रत्येक खंडात सहा मात्रा. त्या तीन-तीनच्या दोन गटांत वाहू द्याव्यात की सहाही सुट्या तोलाव्यात, यावर या भागाची सारी प्रकृती अवलंबून असते. आरंभी नगाऱ्यासारख्या टिंपनीचा घुमता नाद आणि त्यावर तंतुवाद्यांचे थरथरणारे, जवळजवळ क्रुद्ध स्वर येतात. पियानो कितीतरी वेळ गप्पच असतो, आणि प्रवेश करतो तोही हलक्या, आर्जवी आवाजात. पुढे पियानोच एकट्याने एक शांत, प्रार्थनेसारखे स्वरसूत्र मांडतो. बहुतेक वादक येथे लय आणखी सैल करतात. वादळ आणि विसावा हा भेद ठळक व्हावा, हा त्यामागचा हेतू.

गूल्ड यांनी नेमका हा भेदच पुसट केला. त्यांचे वादन संथ म्हणून गाजले, पण त्यांचे खरे धाडस संथपणात नव्हते. दोन स्वरसूत्रांना एकाच नाडीवर चालवून त्यांनी संघर्षाची जागा सलगतेला दिली. एकटा वीर वादक विरुद्ध अवघा वाद्यवृंद ही कॉन्चेर्टोतील चढाओढ त्यांना मुळातच नापसंत होती. त्यांच्या बोटांखाली आतले दुय्यम स्वर स्वच्छ ऐकू येतात आणि पियानो वाद्यवृंदाच्या विणीतला एक धागा होतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने तंत्र तोकडे पडते म्हणून लय संथ असावी, असे सुचवले. १९५५ च्या ध्वनिमुद्रणात बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मधील विजेसारखे भाग वाजवणाऱ्या हाताविषयी हा तर्क टिकण्यासारखा नव्हता.

अमीर खाँ यांच्या अतिविलंबित ख्यालाची गोडी ज्या कानांना आहे, त्यांना संथपणाचे भय वाटू नये. मात्र ख्यालात लय गायक ठरवतो आणि तबलजी ती सांभाळतो. एवढा मोठा वादकांचा ताफा सोबत असताना हा हक्क तितका निर्विवाद राहत नाही.

त्याच १९६२ साली लंडनमध्ये क्लिफर्ड कर्झन यांनी जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली हाच कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. तेथे वाद्यवृंदाचा आरंभ अंगावर धावून येतो आणि कर्झन यांचा प्रवेश कुणी दुःखी माणूस जपून दार उघडतो तसा भासतो. या कृतीची परंपरागत बाजू समजून घ्यायची तर याहून उत्तम ध्वनिमुद्रण क्वचितच सापडेल.

खरी गंमत पुढे घडली. १९८३ साली बर्नस्टाइन यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह पोलंडचे क्रिस्टियन झिमरमन यांना साथ केली आणि या खेपेस एकूण कालावधी गूल्ड यांच्या वादनाइतकाच, ५० मिनिटांच्या बराच पुढे गेला! तरीही दोन्ही वादने एकामागून एक ऐकणाऱ्यास ती सारखी वाटणार नाहीत. झिमरमन यांच्याकडे प्रत्येक शिखर उंच आहे, प्रत्येक दरी खोल आहे, आणि प्रार्थनेच्या जागी तर काळच थबकतो. बर्नस्टाइन यांचा विरोध घड्याळाशी होता की उंचसखलपणा नाकारण्याशी, याचा उलगडा येथे होतो. कदाचित त्यांनाही १९६२ मध्ये तो पुरता झाला नसावा.

दुसरा भाग या दृष्टीने मुद्दाम ऐकण्याजोगा आहे. तो मुळातच मंद. ब्राह्म्स यांनी क्लारा शुमान यांना लिहिलेल्या पत्रात त्याला त्यांचे कोमल चित्र म्हटले होते. येथे ‘संथ’ गूल्ड झिमरमन यांच्या आधी शेवटास पोहोचतात. पहिल्या भागाची नाडी त्यांना येथेही फारशी बदलायची नसते. झिमरमन मात्र शेवटच्या मृदू स्वरांपाशी रेंगाळतात, आणि त्या रेंगाळण्यात बर्नस्टाइन त्यांच्याबरोबर असतात.