मनीचे श्वास कोण मोजणार?

‘मांजराचा केस पोटात गेला की दमा लागतो!’ हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही अशी मुलगी आपल्याकडे शोधून सापडणार नाही. मांजर मांडीवर घेतलं की आजी ओरडायची, ताटात केस दिसला की ताटच बदललं जायचं. आता डॉक्टर सांगतात की दोष केसाचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, अंग चाटताना ते केसांना लागतं, वाळून हवेत उडतं आणि काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी होते. असो. आज मला उलट बाजूने बोलायचंय. मांजरामुळे आपल्याला दमा लागतो का, याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. पण आपल्या घरातल्या हवेमुळे मांजराला दम लागतो का, हे कधी कुणी विचारलंय?

लागतो, मैत्रिणींनो. मांजराला अगदी माणसासारखा दमा होतो. श्वासनलिका सुजतात, आकसतात, आत चिकट स्राव साठतो. शंभरातल्या एक ते पाच मांजरांना हा आजार असतो, असा पशुवैद्यकांचा अंदाज आहे. शिवाय पिल्लांना होणारी विषाणूंची सर्दी, फुफ्फुसाचा संसर्ग, छातीत साठलेलं पाणी, हृदयाचा आजार, या सगळ्यांत मांजराला धाप लागते. म्हणजे धाप एकच, कारणं दहा. आणि म्हणूनच घरी बसून अंदाजाने औषध देणं हा खेळ जिवावर बेततो.

पूर्वी मांजर घरातलं असलं तरी घरात कोंडलेलं नव्हतं. पंचवटीतल्या वाड्यांत ते माळ्यावरून अंगणात, अंगणातून शेजारच्या कौलांवर फिरायचं. पिल्लांना तर मांजरी सात घरं फिरवून आणते म्हणतात. आता सिडको असो, इंदिरानगर असो की गंगापूर रोड, मनी दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. थंडीत तर आपल्या नाशिकला खिडक्या गच्च बंद असतात. निफाडकडे पारा दहाच्या खाली घसरला की इथेही सगळे गोधडीत. मग त्याच बंद खोलीत डासांची कॉइल, सकाळी देवापुढे चार उदबत्त्या, संध्याकाळी धूप, स्वयंपाकघरातून मिरचीची फोडणी. आपण दिवसातून दहा वेळा बाहेर जातो. ती बिचारी चोवीस तास तिथेच, तीही जमिनीलगत, जिथे धूळ असते आणि कॉइल पेटवलेली असते.

या कॉइलचं काय सांगू? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनीही एका कॉइलचा धूर शंभर सिगारेटींच्या बरोबरीचा असल्याचं सांगितलं होतं. याच संस्थेने दिवाळीच्या फटाक्यांचा अभ्यास केला, तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण कशातून निघाले माहितीये? मुलांना आपण ‘आवाज नाही, निरुपद्रवी आहे’ म्हणून हातात देतो त्या नागगोळीतून!

मांजराचं आणखी एक वेगळं असतं. हवेतलं जे जे अंगावर बसतं, ते ते चाटून पोटात घेतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर तिथल्या मांजरांना एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका दुपटीहून जास्त असतो. म्हणजे बाल्कनीत उभं राहून ओढतो, असं म्हणणाऱ्या यजमानांनाही हे वाचून दाखवायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. मांजराला धाप लागलीय हे ओळखायचं कसं? कारण मांजर आजार लपवतं. कुत्रं विव्हळतं, मांजर मात्र कपाटाखाली जाऊन गप्प बसतं. आपण म्हणतो, ‘आज झोपाळली आहे.’ कधी ती जमिनीला चिकटून बसते, मान पुढे ताणते आणि खोकते, पण बाहेर काहीच पडत नाही. आपण समजतो, पोटातला केसांचा गोळा काढतेय. एकदा झालं तर ठीक. वारंवार होत असेल तर तो खोकला आहे, आणि त्यामागे दमा असू शकतो.

यावर एक साधा, फुकटचा उपाय आहे. मनी गाढ झोपलेली असताना तिच्या बरगड्यांकडे बघा. एकदा वर, एकदा खाली, की एक श्वास झाला. घड्याळ लावून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घुर्र घुर्र करत असेल तेव्हा किंवा खेळून आल्यावर मोजू नका. झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत असावा. रोज रोज ३० च्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवा, ४० च्या पुढे गेला तर थांबूच नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच चौकटीत हा आकडाही लिहा. करोनाच्या काळात घरोघरी आपण बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे टिपले होते. मांजराच्या केसाळ पंजाला ते यंत्र नीट लागत नाही, पण आपले डोळे लागतात.

आणि काही लक्षणं अशी, की तिथे मोजत बसायचंच नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, पोट भात्यासारखं हलणं, कोपर बाहेर काढून बसून राहणं, आडवं न होणं, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणं. कुत्रं धावून आलं की जीभ काढून धापा टाकतं, ते त्याच्यासाठी नेहमीचं. मांजराचं तसं नाही. शांत बसलेल्या मांजराने तोंडाने श्वास घेतला की ती धोक्याची घंटा समजा.

अशा वेळी आपल्या हातून काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या घराघरांत एक आजीबाईचा बटवा असतो आणि तो उघडायची आपल्याला भारी घाई. छातीला बाम चोळा, नीलगिरीचा वास द्या, कापराची पुरचुंडी बांधा. पण या तेलांचं आणि कापराचं मांजराला विष होतं, शिवाय ती ते चाटणार. कांद्याचा रस? लासलगाव शेजारी असल्यामुळे आपल्याला कांदा म्हणजे अमृत, पण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी कांद्या-लसणाने फुटतात. तापाची पॅरासिटामॉल तर अजिबात नको. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेणं थांबतं. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. म्हणजे धाप लागली म्हणून दिलेलं औषधच उरलासुरला श्वास काढून घेतं. हळद-दूधही ड्रॉपरने घशात ओतू नका, धापेत ते फुफ्फुसात जातं.

मग घरी करायचं काय? बरंच काही आहे, आणि ते आपल्यालाच चांगलं जमतं. कॉइल बंद करा, पण डासांना मोकळं रान देऊ नका, डेंग्यू घरी येईल. खिडक्यांना जाळी, पलंगाला मच्छरदाणी, कुंड्यांखालचं पाणी आठवड्याला ओतून टाकायचं. देवापुढे निरांजन आणि फूल ठेवा, धूप-उदबत्ती खोलीबाहेर लावा. आपल्या घरातल्या मुक्या जिवासाठी उदबत्ती कमी केली म्हणून कुठला देव रागावणार आहे? फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटा. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. फिनेल मांजराला विषारी आहे, त्यामुळे साधं साबणाचं पाणी वापरा. तिच्या शीच्या ट्रेमध्ये धूळ उडणारी माती किंवा लाकडाचा भुसा नको, धुतलेली जाडसर वाळू चालेल किंवा फाडलेले वर्तमानपत्राचे कागद.

साधी सर्दी असेल, नाक चोंदलं असेल, तर मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ती खात नाही. जेवण किंचित कोमट करून द्या, नाक-डोळे ओल्या कापसाने पुसा. गरम पाण्याची वाफ कोंडलेल्या बाथरूममध्ये तिला दहा मिनिटं जवळ घेऊन बसलं तरी मोकळं वाटतं, पण पाण्यात काही टाकायचं नाही, आणि धाप असेल तर हा प्रयोगही नको. दोन दिवस काही खाल्लं नाही तर यकृतावर परिणाम होतो, तेव्हा तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पिल्लांना वेळेवर लस दिली तर या सर्दीच्या आजारांपासून बरंच संरक्षण मिळतं.

डॉक्टरांनी दमा सांगितला तरी घाबरू नका. लहान मुलांना देतात तसाच पंप, तशीच नळी आणि बाळाचा मास्क मांजरालाही चालतो. औषध कोणतं आणि किती, ते मात्र पशुवैद्यकच ठरवतील. पहिले काही दिवस औषधाशिवाय मास्क नुसता नाकाजवळ न्यायचा, आवडीचा खाऊ द्यायचा. सवय झाली की सात ते दहा श्वास होईपर्यंत धरायचा. गोळ्या सुरू असतील तर ‘बरं वाटतंय’ म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. लेकरांचे दमे सांभाळलेल्या बायांना हे शिकवायला नको.

नेताना पिशवीत कोंबू नका, छातीशी घट्ट आवळू नका. टोपली नसेल तर नाशिककरांच्या घरी द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट असतातच. एकावर एक उलटा ठेवून सुतळीने बांधला की हवा खेळती राहते. नाशकात अशोकस्तंभावर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, खासगी डॉक्टरही आता बरेच झालेत. येवला, मनमाड, सिन्नरच्या दवाखान्यात गाई-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहिलं की लोक हसतात. हसू देत! मुंबईत २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं, पण धापा टाकणारं मांजर घेऊन तडक कसारा घाट उतरायला निघू नका. आधी जवळच्या डॉक्टरांकडे, तिला श्वास स्थिर होऊ दे, मग पुढचं.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. मांजराचं खाणं कमी झालं, श्वास वाढला, हे घरात कुणाच्या लक्षात येतं? बाईच्या. आणि ‘दवाखान्यात न्यायचंय’ म्हटल्यावर ऐकून कुणाला घ्यावं लागतं? तेही बाईलाच. ‘एका मांजरासाठी रिक्षाचे पैसे? आणखी एक मांजर मिळेल की!’ मला वाटतं, या वाक्याला आपण उत्तर द्यायला शिकलं पाहिजे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार ज्याच्याकडे प्राणी आहे त्याने त्याच्या भल्याची योग्य ती काळजी घेणं हे कर्तव्य आहे. पण कायदा राहू द्या. ज्या बाईच्या नजरेला मांजराच्या बरगड्यांची हालचाल दिसते, तिच नजर सासूबाईंचा रात्रीचा खोकला आणि रांगत्या नातवाची शिंक टिपते. तिचं मांजराबद्दलचं म्हणणं हसण्यावारी नेणाऱ्या घरात उद्या तिच्या स्वतःच्या छातीत दुखलं तरी ‘गॅस झाला असेल’ एवढंच ऐकू येतं. लक्ष ठेवणं हे काम आहे, त्याला किंमत आहे. आपण स्वतःच ते ‘उगाच वाटलं मला’ म्हणून टाकून देतो, ते आधी थांबवूया.

खर्चाचंही आधीच बोलून ठेवा. मुलांनी पिल्लू आणायचा हट्ट धरला, त्याच दिवशी सांगायचं की दूध-माशांबरोबर लस आणि डॉक्टरही आले. महिन्याला शंभर-दोनशे डब्यात टाकले तर ऐन वेळी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

आज रात्री जेवणं उरकल्यावर तुमची मनी सोफ्याखाली झोपली असेल, तर घड्याळ घेऊन तीस सेकंद तिच्याजवळ बसा. आकडा लिहून ठेवा. आणि त्याच खोलीत कॉइल पेटलेली असेल, तर ती विझवूनच उठा. तिथे श्वास घेणारी ती एकटीच नाही.