गुठळी होते का, आणि टिकते का?

सोयाबीनच्या काढणीचे दिवस आले की लातूर जिल्ह्यात शेतात वाकून काम करणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका वाढतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. नोंदी वाढतीलही, पण रुग्ण वाचेल की नाही, हे पहिल्या तासाभरातल्या तपासणीवर ठरते.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा मुख्य मारा रक्तावर होतो. विषामुळे गोठण्याची प्रक्रिया एकदम पेटते आणि रक्तात असंख्य बारीक गुठळ्या तयार होऊ लागतात. शरीरातील प्लाझ्मिन हे विकर त्या लगोलग विरघळवते. या घडामोडीत फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचा कच्चा मालच, संपून जातो. मग हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून वाहणारे रक्त थांबत नाही.

हे ओळखण्याची सर्वांत साधी चाचणी २० मिनिटांची आहे. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. यात नळी काचेचीच हवी, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगले रक्तही वेळेत गोठत नाही. अशा वेळी गरज नसलेल्या माणसाला प्रतिविष दिले जाऊ शकते आणि त्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

गुठळी होते का, एवढेच ही नळी सांगते. झालेली गुठळी किती वेगाने तुटते, हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागते. कोविडकाळात घरोघरी पोहोचलेली डी-डायमर चाचणी त्यातलीच. फायब्रिनचे धागे पक्के बांधले जाऊन नंतर तुटले, तरच हा तुकडा रक्तात सापडतो. मात्र तो गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर आणि जंतुसंसर्गातही वाढतो. युग्लोब्युलिन चाचणीत प्लाझ्मामधून वेगळ्या केलेल्या प्रथिनांची गुठळी करून ती विरघळायला किती वेळ लागतो, हे मोजतात. त्यात काही तास जातात. थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी यंत्र गुठळी घट्ट होण्यापासून सैल पडण्यापर्यंतचा आलेख काढते, पण ते महाग आहे.

देवणी किंवा जळकोटच्या रुग्णाने यासाठी लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेपर्यंत जाईतो थांबणे परवडणारे नाही. काचेची नळी आणि घड्याळ प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. अर्थात तिला मर्यादा आहेत. गोठण्यातला सौम्य बिघाड ती कधी कधी पकडत नाही. म्हणून रक्त गोठले तरी ती पुन्हा पुन्हा करावी लागते. प्रतिविष दिल्यानंतर यकृताला नवे फायब्रिनोजेन बनवायला वेळ लागतो, त्यामुळे पुढची चाचणी सहा तासांनी करतात. शिवाय नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. तिथे रक्त व्यवस्थित गोठलेले दिसते, पण पापण्या जड होतात आणि श्वास मंदावतो.

कृती आराखड्याचा कस इथे लागेल. प्रतिविषाच्या साठ्याइतकीच काचेच्या नळ्यांची आणि ती चाचणी करू शकणाऱ्या परिचारिकांची मोजदाद व्हायला हवी. नातेवाइकांनीही दंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. जवळच्या दवाखान्यात पोहोचताच ‘२० मिनिटांची चाचणी लावली का?’ एवढे जरूर विचारावे.