काळं मोबिल नालीत ओतू नका! झाशीच्या मानिक चौक आणि परिसरातल्या गाडीवाल्यांना तातडीचं आवाहन

पाऊस तोंडावर आला आहे. मे-जूनच्या उन्हात आपल्या नाल्या कोरड्या पडतात. तळाशी गाळ साचतो, आणि त्या गाळात सहा-आठ महिन्यांचं सगळं काही मुरून बसतं. पहिली मोठी सर आली की ते सगळं एका तासात वाहून जातं. म्हणून हे आवाहन आत्ताच करायचं आहे, जुलैत नाही.

मानिक चौक, बडा बाजार, राणी महालाच्या आसपासच्या गल्ल्या, आणि जुन्या शहराबाहेर सिपरी, सदर, भेलच्या वसाहतीत राहायला गेलेली आपली मराठी घरं, सगळ्यांनाच ही विनंती आहे. गाडीचं ऑइल घरी बदलण्याची आवड आपल्यात पुष्कळांना आहे. कोणी रेल्वेच्या कारखान्यात नोकरी केलेली, कोणी भेलमध्ये. पाना हातात आला की या मंडळींचा चेहरा खुलतो. काका दर वर्षी स्वतः बदलतात, मग पुतण्या शिकतो, मग पुतण्या शेजाऱ्याला शिकवतो. यात वाईट काहीच नाही. आपल्या डोळ्यांसमोर सीलबंद डबा उघडून पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरलं की निदान गाडीत काय गेलं ते तरी ठाऊक असतं. तेव्हा घरी ऑइल बदलू नका असं आम्ही म्हणत नाही. खुशाल बदला. प्रश्न बदलून झाल्यावरच्या पाच मिनिटांचा आहे. घमेल्यात भरलेलं ते काळं, ऊन मोबिल कुठे जातं?

बहुतेक वेळा नालीत जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी, कोणी बघत नसताना. वरून बादलीभर पाणी आणि मूठभर सर्फ. सर्फ टाकला की तवंग दिसेनासा होतो आणि मन शांत होतं. पण साबणाने तेल नाहीसं होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, आणि जे पृष्ठभागावरून काढता आलं असतं तेही काढता येत नाही. म्हणजे सर्फ टाकणारा माणूस न टाकणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

आता थोडा हिशेब. लहान पेट्रोल गाडीतून साधारण तीन लिटर ऑइल निघतं. मोठ्या डिझेल गाडीतून पाच-सहा. हे तीन लिटर एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर पाण्यावर सारखं पसरलं तर थराची जाडी मिलिमीटरचा सुमारे तीन हजारावा भाग भरते. एवढा पातळ थरही डोळ्यांना दिसतो. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात ते साधारण याच जाडीला. एका गाडीचं एका वेळचं ऑइल अडीच एकर पाण्यावर रंग काढू शकतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा जुना आकडा आणखी दचकवणारा आहे: एका वेळी निघालेलं चार-एक लिटर ऑइल अडतीस लाख लिटर गोडं पाणी बिघडवू शकतं.

आणि आपलं पाणी आहे तरी किती? नळाला येतं ते बेतवा नदीवरच्या माताटीला धरणाचं, तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. बाकी भिस्त हँडपंपांवर, बोअरवर आणि वाड्यांतल्या उरल्यासुरल्या विहिरींवर. खाली बुंदेलखंडचा ग्रॅनाइट आहे. महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी मातीतून गाळत गाळत खाली जातं; इथे वरचा मुरमाचा पातळ थर संपला की पाणी खडकाच्या भेगांतून थेट सुटतं. भेग कुठून कुठे गेली आहे ते वरून कोणी सांगू शकत नाही. आपल्या दारातल्या नालीची फरशी फुटलेली असेल, तर तिथे ओतलेलं तेल कोणाच्या हँडपंपाला लागेल हे सांगणं कठीण.

जे जमिनीत मुरत नाही ते पूर्वेकडे उतरतं. जुन्या शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं लक्ष्मी दरवाज्याबाहेर लक्ष्मी तालाकडे गेलं, आणि त्या तालाच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोचलं. काठावर महालक्ष्मीचं मंदिर आहे. जवळच राजे गंगाधररावांची छत्री आहे, ती राणी लक्ष्मीबाईंनी 1853 सालच्या त्यांच्या मृत्यूनंतर बांधवली. आपल्या गणेश मंदिरात 1842 साली ज्या दोघांचं लग्न लागलं, त्यांच्या आठवणीने गणेशोत्सवात आपला ऊर भरून येतो. मग त्यांच्याच तालात आपण काय सोडतो याचा विचार उरलेल्या दिवसांतही व्हायला हवा. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचा भरवसा देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ती केंद्रं जिवाणूंच्या जिवावर चालतात, आणि इंजिन ऑइल त्या जिवाणूंचाच घास घेतं. शिवाय पावसात नाल्या दुथडी वाहू लागल्या की केंद्रापर्यंत सगळं पाणी जातंच असंही नाही. तळ्यांचा संबंध आपल्या ताटाशीही आहे: एकादशीला आपण शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठं खातो. तो शिंगाडा या भागातल्या तळ्यांतच पिकतो.

"पण मोबिल टाकलं की डास मरतात" हा युक्तिवाद दर वर्षी डेंग्यूच्या दिवसांत ऐकू येतो. अळी श्वास घ्यायला पृष्ठभागावर येते आणि तेलाच्या थराखाली गुदमरते, हे खरं आहे. पण डेंग्यूचा डास वाहत्या घाण नालीत अंडी घालतच नाही. त्याला साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: कूलरची टाकी, गच्चीवरचं टायर, कुंडीखालची ताटली. कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून, वाळवून भरा. त्या एका कामाने जे साधतं ते नालीत दहा डबे मोबिल ओतून साधणार नाही.

दुसरा मार्ग पुष्कळांना जास्त सोयीचा वाटतो: कबाड्याला विकून मोकळं होणं. तो घेतो, पैसेही देतो. पुढे ते सेंट्रिंगच्या पाट्यांना फासलं जातं, वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना लावलं जातं, नाहीतर एखाद्या भट्टीत जळतं. त्या धुरात इंजिनातल्या धातूंचा अंश असतो. वापरलेलं ऑइल म्हणजे नुसतं मळलेलं तेल नव्हे. जळणातून तयार होणारी कर्करोगकारक संयुगं त्यात साठत जातात. प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीला ते वारंवार लावलं तेव्हा गाठी आल्या. चौकटीला उघड्या हाताने ते फासणाऱ्या पोराचा विचार करा, आणि स्वतः काम करतानाही हातमोजे घाला.

मग करायचं काय? फार काही नाही. नवीन ऑइलचा डबा रिकामा होतो, तोच जुन्यासाठी वापरा. जेवढं आत गेलं साधारण तेवढंच बाहेर आलेलं असतं, त्यामुळे ते बेताचं मावतं. थंड पेयाच्या बाटलीत मात्र कधीही भरू नका, घरात लहान मूल असो वा नसो. चेंबरचा नट काढल्यावर धार आधी जाड पडते, मग सुतासारखी होते, मग थेंब थेंब. घाई करू नका. वीस मिनिटं तसंच राहू द्या. फिल्टर काढलात की त्यातही कपभर ऑइल असतं. त्याच्या बंद टोकाला भोक पाडा आणि रात्रभर घमेल्यावर पालथा ठेवा, मगच पिशवीत बांधा. त्या डब्यात ब्रेक ऑइल, कूलंट, पेट्रोल, पाणी यातलं काहीही मिसळू नका. मिसळलेलं ऑइल शुद्ध करणारे घेत नाहीत. सांडलं तर त्यावर सुताराकडचा लाकडाचा भुसा टाका, तो तेल पिऊन घेईल, आणि मग झाडून गोळा करा. पाण्याचा पाइप लावू नका.

एक गोष्ट गाडीखाली सरकण्याआधीची, आणि ती सगळ्यात तातडीची. आपल्या गल्ल्या उताराच्या आणि फरशा उखडलेल्या आहेत. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. नुसत्या त्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कोणत्याही कारणाने जाऊ नये. सपाट जागा, पक्के स्टँड, चाकांना अडसर. हे नसेल तर सरळ गॅरेजला जा. इंजिन कोमट असावं, नुकतंच चालवून आणलेलं नाही. तापलेलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि कातडी सोलून काढतं.

डबा भरला की तो कुठे द्यायचा, इथेच सगळे अडतात. कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या 24 व्या कलमानुसार प्रवाहात, विहिरीत किंवा गटारात जाणूनबुजून विषारी पदार्थ सोडायला मनाई आहे. वापरलेलं ऑइल 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते शुद्ध करणाऱ्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असावी लागते. आणि 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल ठरावीक प्रमाणात शुद्धीकरणाकडे पोचवण्याची जबाबदारी आली आहे. ते गोळा करणाऱ्यांचीही त्यात नोंदणी होते. म्हणजे आपला डबा कोणाला तरी हवा आहे, फक्त तो सुटा-सुटा नको आहे. इंजिनातलं ऑइल मळतं, झिजून संपत नाही. नीट शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा वंगणाचं मूळ तेल निघतं.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या ऑइलचे ड्रम असतातच, आणि ते त्यांना परवानाधारकालाच द्यावे लागतात. तिथे जाऊन विचारा. एकट्याचा तीन लिटरचा डबा घ्यायला कदाचित नाक मुरडतील. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी डबे एकत्र करावेत. एखाद्याच्या वाड्यात सावलीची, कुलपाची जागा असेल तर तिथे ठेवावेत, डब्यावर जाड अक्षरात "जुनं ऑइल" असं मराठीत आणि हिंदीतही लिहावं, आणि एकाने जाऊन बोलणी करावीत. आपल्यातले बरेच जण निवृत्त आहेत आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गप्पा मारायला त्यांना आवडतं; हे काम त्यांच्याकडे द्यावं. ज्या मेकॅनिककडे आपण इतर कामं नेतो त्यालाही एकदा विचारा, "भैया, पुराना ऑइल किसको देते हो?" चार गिऱ्हाइकांनी हेच विचारलं की पाचव्याला तो स्वतःहून सांगू लागेल.

डबा रिकामा होऊन परत आला की कबाडात टाकण्याआधी त्याला सुरीने आडवा चिरा द्या. नामांकित कंपन्यांच्या धड डब्यांत नकली ऑइल भरून विकण्याचा धंदा जुना आहे, आणि आपला डबा त्याला कामी यायला नको.

ज्यांच्याकडे आत्ताच घरात, जिन्याखाली, मोरीत जुन्या ऑइलचे डबे पडून आहेत, त्यांनी येत्या रविवारी ते बाहेर काढून झाकणं तपासावीत, गळत असतील तर ऑइल दुसऱ्या डब्यात ओतावं आणि शेजाऱ्यांशी बोलून डबे एका ठिकाणी आणावेत. ज्यांचं ऑइल बदलायचं राहिलं आहे त्यांनी डबा कुठे जाणार हे ठरल्याशिवाय चेंबरच्या नटाला पाना लावू नये.