हवा कोण मोजतो आणि त्याचे पैसे कोण देतो?

डिसेंबर २०२३, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं की, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार? त्याच वर्षी बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पोरं-पोरी आझाद मैदानावर ठाण मांडून बसली होती. त्या वाक्यावर बरीच टीका झाली. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहून गेलं. बहुजनांच्या मुलांनी संशोधन केलं तर समाजाला नेमकं काय मिळतं? आज एका उदाहरणावरून हे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. उदाहरण आहे शहरातल्या हवेचं, आणि त्यातही ओझोनचं.

परवा विहाराच्या अभ्यासिकेत हा विषय काढला, तर एक पोरगा म्हणाला, "दादा, वस्तीत गटार धड नाही आणि तुम्ही ओझोन घेऊन बसलात. ते वरच्या थराला भोक पडलं, तेच ना?" त्याची चूक नाही. शाळेत आपल्याला तेवढंच शिकवलं गेलं. आकाशात उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवतो. पण तोच वायू जमिनीलगत तयार झाला की तो विष असतो. तो फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, दमा उफाळून आणतो. धूर डोळ्यांना दिसतो, कचऱ्याचा वास नाकाला येतो. ओझोन दिसत नाही. स्वच्छ निळ्या आकाशाखाली, भर दुपारी, तो सर्वात जास्त असतो.

हा वायू कुठल्याच धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, वीज प्रकल्प आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हा त्याचा एक कच्चा माल. पेट्रोल, रंग, रसायनं, तेलाच्या टाक्या आणि जळणारा कचरा यांतून उडणारे सेंद्रिय वायू, ज्यांना व्हीओसी म्हणतात, हा दुसरा. या दोन्हींवर कडक ऊन पडलं की हवेतच ओझोन तयार होतो. म्हणजे मालक वेगळे, धूर वेगळा आणि विष तिसरीकडेच. कोणावर बोट ठेवायचं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

आता तो श्वासात कोणाच्या जातो ते बघा. घराच्या, ऑफिसच्या आत ओझोन बराच कमी होतो, कारण भिंती, पडदे, सामान यांच्या संपर्कात आल्यावर तो संपतो. खिडक्या बंद करून एसीत बसलेला माणूस बऱ्यापैकी वाचतो. दुपारी एक ते चार उघड्यावर कोण असतं? रस्ता झाडणारा सफाई कामगार, देवनारच्या डम्पिंगवर कचरा वेचणारी बाई, नाक्यावर उभा बिगारी, हातगाडीवाला, डिलिव्हरी करणारा पोरगा. या कामांत कोणत्या जातींची आणि समाजांची माणसं जास्त आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाचा त्रास आणि ओझोनचा त्रास एकाच माणसाला, एकाच वेळी होतो. "उष्म्यामुळे चक्कर आली" एवढीच नोंद होते आणि विषय संपतो.

सरकार काय करतं? भारताने २००९ च्या मानकांमध्ये ओझोनची मर्यादा घालून दिली आहे: आठ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, एका तासाची १८०. कागदावर मर्यादा आहे. पण ज्या केंद्रांवर हाताने नमुने घेतले जातात, तिथे मुख्यत्वे धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजतात. ओझोन मोजला जात नाही. तो स्वयंचलित केंद्रांवरच मोजला जातो आणि अशी केंद्रं मोजकी आहेत. व्हीओसींचं सविस्तर मोजमाप तर त्याहून दुर्मीळ.

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सुमारे १३० शहरं घेतली गेली, महाराष्ट्रातली १९. शहराची कामगिरी कशावर तपासतात? पीएम १० वर, म्हणजे मोठ्या धुळीवर. मग पैसाही धुळीकडेच जातो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये हिशेब मांडला: खर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर, आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. रस्ता झाडणारी यंत्रं घेतली, पाण्याचे फवारे मारले, रस्ते काँक्रीटचे केले, ठेकेदाराची बिलं निघाली. त्या फवाऱ्याने ओझोनच्या कच्च्या मालाला काहीच होत नाही.

"हवा घाण आहे हे आम्हाला श्वास घेताना कळतंय, त्यावर संशोधन कशाला? कारवाई करा," असं आपले अनेक कार्यकर्ते म्हणतात. हा राग बरोबर आहे. पण ओझोनच्या बाबतीत नुसत्या रागाने केलेली कारवाई उलटू शकते. गाड्यांच्या दाट वर्दळीत नायट्रिक ऑक्साइड आसपासचा ओझोन खाऊन टाकतो. अशा ठिकाणी फक्त गाड्यांचा धूर कमी केला आणि व्हीओसी तसेच राहिले, तर ओझोन कमी होण्याऐवजी वाढू शकतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेक शहरांत हेच दिसलं: नायट्रोजन डायऑक्साइड घसरला, पण ओझोन त्या प्रमाणात घटला नाही, काही ठिकाणी वाढला. याचा अर्थ गाड्यांचा धूर चालू द्या असा नाही. दोन्ही कच्चे माल कमी करावे लागतात. कुठे कोणता आधी आणि किती, हे त्या शहराची हवा मोजूनच ठरतं. मुंबईत दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि शहरातली घाण पूर्वेकडे ढकलतो. मग ओझोनचा सर्वात जास्त मार कुर्ला-गोवंडीला बसतो, की ठाणे-कल्याणच्या पलीकडे? हा अंदाजाने सांगायचा विषय नाही.

मोजमापाने काय होतं याचं उदाहरण माहुलला आहे. चेंबूरच्या पलीकडे तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीतलं हे गाव. वासाची तक्रार लोक वर्षानुवर्षं करत होते आणि कोणी दाद देत नव्हतं. मग केईएम या महापालिकेच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिथल्या रहिवाशांची पाहणी केली. दोन तृतीयांश लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं त्यात नोंदवलं गेलं. रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, तेव्हा ही पाहणी त्यांच्या बाजूने उभी राहिली. २०१५ मध्ये लवादाने मान्य केलं की तिथल्या हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच लवादाने व्हीओसी सोडल्याबद्दल दोन तेल कंपन्या आणि दोन टाकी कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

दरम्यान काय झालं? लवादाचा २०१५ चा निर्णय समोर असतानाही तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून हजारो माणसांना त्याच माहुलच्या इमारतींत नेऊन टाकलं. लोकांनी पुन्हा लढा दिला, आणि त्यांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. लढा लोकांनी दिला हे खरंच. पण सरकारी पैशाने, सरकारी संस्थेत झालेल्या त्या पाहणीमुळे "वास येतो" ही तक्रार पुरावा बनली. आणि ध्यानात घ्या, माहुलचे हेच व्हीओसी ओझोनचा अर्धा कच्चा माल आहेत. त्यांचा परिणाम माहुलपुरता थांबत नाही.

आता प्रश्न संशोधनाच्या पैशाचा. हा पैसा कोणाचा आहे याने काय फरक पडतो, ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसने दाखवलं आहे. १९४३ पासून त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरायला लागलं. कॅलटेक विद्यापीठात आरी हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासावर काम करत होते. त्यांनी १९५० च्या सुमाराला ही हवा तपासली आणि दाखवून दिलं की गाड्या व तेल उद्योगातून निघणारे वायू उन्हात मिसळून ओझोन तयार होतो. तेल उद्योगाने काय केलं? स्वतःच्या पैशाने दुसऱ्या संस्थेत संशोधन करून घेतलं आणि हागेन-स्मिट चुकले असं सांगायला सुरुवात केली. ते चिडले, विद्यापीठातून रजा घेऊन प्रदूषण नियंत्रण करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या प्रयोगशाळेत गेले आणि आपलं म्हणणं सिद्ध केलं. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. जनतेच्या पैशावर चालणारी ती प्रयोगशाळा नसती, तर तेल कंपन्यांचंच विज्ञान खरं ठरलं असतं.

आपल्याकडे काय चाललंय? देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी असा गाजावाजा झाला, पण त्यातले सुमारे ३६ हजार कोटी उद्योग आणि खासगी देणग्यांतून येतील असं गृहीत धरलंय. तेल किंवा रसायन कंपनी आपल्याच टाकीतून उडणाऱ्या वायूवर संशोधन करायला पैसे देईल का? आणि दिलेच तर प्रश्न कोणता विचारायला लावेल? सरकारी पैशाचं वाटपही बघा. या प्रतिष्ठानाच्या आधीच्या केंद्रीय मंडळाच्या निधीपैकी ६५ टक्क्यांच्या आसपास आयआयटींकडे आणि ११ टक्क्यांच्या आसपास राज्य विद्यापीठांकडे जात असल्याचं सांगितलं गेलं होतं. आपली बहुतांश मुलं शिकतात राज्य विद्यापीठांत. महाराष्ट्रातल्या शहरांच्या प्रदूषण-स्रोतांचे अभ्यासही आयआयटी मुंबई आणि नीरीकडे गेले. त्यांच्या कामाला माझा विरोध नाही. पण गोवंडीत वाढलेली, आईला डम्पिंगवर जाताना पाहिलेली मुलगी त्या प्रयोगशाळेत नसेल, तर यंत्र गोवंडीच्या नाक्यावर लावावं हे कोणाच्या डोक्यात येणार?

बाबासाहेबांना हे १९४२ मध्येच दिसलं होतं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात त्यांनी सांगितलं की नुसतं कला आणि कायद्याचं शिक्षण आमच्या समाजाला पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण हवं. ते इतकं महाग आहे की सरकारने त्यासाठी पैसा दिलाच पाहिजे. आपण बाबासाहेबांचे वकील झालो, प्राध्यापक झालो, अधिकारी झालो. पण विज्ञानाचं ते अर्धं निवेदन आपण विसरलो. मजूर खातं सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली, पाणी आणि विजेसाठी केंद्रीय तांत्रिक यंत्रणा उभ्या राहिल्या. नियोजन म्हणजे मोजमाप आणि मोजमाप म्हणजे सार्वजनिक पैसा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू या.

एक, स्वच्छ हवेसाठी महापालिकांना येणाऱ्या निधीतला ठरावीक वाटा, माझ्या मते किमान पाच टक्के, राज्य विद्यापीठांतल्या संशोधनासाठी राखून ठेवावा. प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल होणाऱ्या भरपाईतूनही हिस्सा मिळावा, पण कंपनीच्या हातून नव्हे, सरकारी तिजोरीतून.

दोन, ओझोन आणि व्हीओसी मोजणारी केंद्रं मजूर नाके, डम्पिंग, पुनर्वसन वसाहती आणि एमआयडीसीच्या कडेच्या वस्त्यांत लावावीत. चवदार तळ्याच्या महाडजवळ आज रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. तिथल्या माणसाच्या श्वासाचीही नोंद झाली पाहिजे.

तीन, बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप पूर्ण आणि वेळेवर मिळाव्यात, आणि हवा, पाणी, उष्मा या विषयांतल्या संशोधकांना प्रयोगशाळेचा खर्च वेगळा मिळावा. मापनयंत्र दरमहाच्या फेलोशिपमधून विकत घेता येत नाही.

चार, कोणता प्रश्न अभ्यासायचा हे ठरवणाऱ्या समितीत सफाई कामगारांच्या संघटना आणि वस्तीचे प्रतिनिधी असावेत. आकडे मराठीत आणि सर्वांसाठी खुले असावेत. ओझोन वाढलेल्या दिवशी उघड्यावरच्या कामगाराची दुपारची पाळी बदलण्याचा नियम त्या आकड्यांना जोडलेला असावा.

हे सगळं उद्या होणार नाही. पण एक काम उद्या होऊ शकतं. आपापल्या महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीनच प्रश्न विचारा: स्वच्छ हवेसाठी किती पैसे आले, कशावर खर्च झाले आणि शहरात ओझोन कुठे कुठे मोजला जातो? उत्तरं आली की ती घेऊन विद्यापीठातल्या आपल्या विज्ञान शाखेच्या मुलांना भेटा.

त्या अभ्यासिकेतल्या पोराला मी एवढंच म्हणालो, "गटाराची लढाई सोडायची नाहीच. पण गटार दिसतं म्हणून निदान त्याची तक्रार तरी करता येते. हे विष दिसतच नाही." तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. जाताना त्याने विचारलं, "दादा, ओझोन मोजायचं यंत्र केवढ्याला येतं?"

जय भीम!